तक्रार आली तरच

गल्लीची साफसफाई नगरपालिकेनं कंपनीकडे दिली आणि कंपनीनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला, तक्रार आली तरच गटार उपसायचं. अठरा वर्षं ते गटार कोणी न सांगता उपसणाऱ्या बाईनं नियम नीट ऐकून घेतला, मान डोलावली आणि झाडू उचलला.

महिन्याभरानं सुपरवायझर स्वतः गल्लीत आला. ती वाकून गाळ काढत होती.

"मावशी, बाकीच्या गल्ल्या गप्प आहेत. इथूनच रोज सकाळी सातच्या ठोक्याला तक्रार येते. ऑफिसात म्हणतात, कोणी बाई आहे, नंबरही एकच. कोण हो ही?"

"तक्रार खोटी असते का साहेब?"

"खरंखोटं राहू द्या. माझ्या डोक्याला ताप झालाय नुसता. आज तिला सरळच करतो."

त्यानं फोन लावला. मावशीच्या जॅकेटच्या खिशात रिंग वाजली.

तिनं फावडं भिंतीला टेकवलं, हात पुसले आणि त्याच्याकडे बघतच फोन कानाला लावला. "बोला साहेब."

त्यानं आपला फोन हळूच खाली घेतला. "मावशी, नोकरी जाईल तुमची."

"घ्या ना काढून, ती तुमच्याच हातात आहे." तिनं फावडं पुन्हा उचललं. "पण ते समोरचं तिसरं दार माझं आहे. उद्या सातला माझा फोन येणारच. गटार उपसायला तेवढा माणूस बघून ठेवा."