गुडघ्यांचं तेल

टक्कन बाटलीचं झाकण उघडलं आणि दुपारची शांतता मोडली. अडीच वर्षांची लेक गुडघे धरून जमिनीवर बसत होती. “अगं बाई गं, मेले हे गुडघे!” मला हसू आवरेना. तिला सांभाळणाऱ्या मावशींकडूनच ती बोलायला शिकली, म्हणून बोबड्या तोंडी ही म्हातारी भाषा. मी कामावरून आले की ही मला म्हणते, “दमलीस गं पोरी, टेक जरा.” गुडघ्यांनी अगदीच दगा दिला आणि मावशी काल आपल्या मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या. तेलाची बाटली इथंच राहिली. रोज दुपारी लेक इवल्या तळव्यांनी त्यांचे गुडघे चोळायची. आज मी रजा काढलेली, मग तिनं माझेच चोळले. “बरं वाटतं का?” “हो गं, माझे आई.” उद्यापासून पाळणाघर, हे तिला कसं सांगावं? तेवढ्यात बाटली पोटाशी धरून तिनंच विचारलं, “मावशीला आता तेल कोण लावणार?”