सातची भजनं

"आज ही वायर कापायची म्हणजे कापायची!" प्रेमलताबाई पक्कड घेऊन स्टुलावर चढल्या होत्या.

वायर खिडकीतून निघून शेजारच्या घरात जात होती. भिंतीला भिंत लागून असलेलं ते घर त्यांच्या धाकट्या दिराचं, देवदत्तचं. केबलवाल्याकडून घेतलेली इंटरनेटची लाइन एकच, आणि ती दोन्ही घरांत वाटलेली. रोज संध्याकाळी प्रेमलताबाई अमेरिकेतल्या मुलाशी, आशिषशी, नेटवरून बोलायला बसत आणि नेमका तेव्हाच त्याचा आवाज तुटायला लागे. काल त्याने तापाचं काहीतरी सांगितलं आणि पुढचं ऐकूच आलं नाही. त्या माउलीचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

"पूरी शाम ते लोक लाइन खातात," त्या म्हणाल्या. "हद होती है!"

त्यांचे यजमान लक्ष्मीकांत स्टूल धरून उभे होते. भावाशी त्यांचा अबोला होता, मिल बंद झाली तेव्हापासूनचा. देवदत्तने समझोत्याच्या कागदावर सही केली आणि लक्ष्मीकांत धरण्यावर बसून राहिले. मिलच्या फाटकासमोर थोरल्याने धाकट्याला गद्दार म्हटलं, धाकट्याने थोरल्याला खुळा. आधी बोलेल तो हरला, असा अबोल्याचा कायदा, आणि हार मानणं त्या घराण्यात कुणाच्याच पत्रिकेत नव्हतं. दोन्ही घरांत आता येण्याजाण्यासारखी एवढी वायरच उरली होती. म्हणून अनुश्रीला ती तुटायला नको होती.

"आई, उतर खाली. चोर मी कालच पकडलाय," अनुश्री म्हणाली.

अनुश्री त्यांची मुलगी. भंवरकुआं चौकातल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. जुने सुटे भाग जमवून तिने जिन्याखाली एक कॉम्प्युटर उभा केला होता. दोन्ही घरांचं नेट त्यातूनच जायचं, आणि त्या वाहतुकीला हाकायला एक कमांड होती. कमांड कामसू, पण चौकातल्या हवालदारासारखी. समोर आलेली गाडी अडवायची किंवा सोडायची, एवढंच तिला ठाऊक. कोणती गाडी कोणत्या वरातीतली, याचा पत्ता नसायचा. अनुश्रीने कित्येक दिवस खपून तिला वरात ओळखायला शिकवलं होतं. कोणतं बोलणं कोणत्या घरातून सुरू झालं, कुठे चाललंय, अजून चालू आहे की संपलं, हे आता तिला कळायचं.

"म्हणजे ती बोलणं ऐकते?" लक्ष्मीकांतांनी विचारलं आणि त्या भरात स्टूल सोडलं. प्रेमलताबाई किंचाळल्या.

"ऐकत नाही बाबा. नुसतं ओळखते."

"मग ठीक आहे," म्हणत त्यांनी स्टूल पुन्हा धरलं.

खिडकीबाहेर देवदत्त जास्वंदीला पाणी घालायच्या निमित्ताने उभे होते. जास्वंद केव्हाच न्हाऊन निघाली होती. "वहिनी, तुमच्या घरच्यांना सांगा," ते मोठ्याने म्हणाले, "वायर कापली तरी आमचं काही एक अडत नाही!"

"अनू, तुझ्या काकाला सांग," लक्ष्मीकांत कडाडले, "आमचं तर त्याहून अडत नाही!"

बोलले खरे, पण दोघांचेही चेहरे उतरले होते.

"सात वाजता एक बोलणं सुरू होतं," अनुश्री सांगू लागली. "नऊपर्यंत चालतं. सगळी लाइन तेच खातं. परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरकडे जातं."

"शेजारून ना? मी म्हणतच होते!"

"शेजारून जातं. आणि बाबांच्या खोलीतूनही जातं."

प्रेमलताबाई स्टुलावरून उतरल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"मी भजनं ऐकतो," लक्ष्मीकांत म्हणाले. "दार लावून. मन रमतं."

"आमच्याकडेही भजनंच!" खिडकीबाहेरून घाईने आवाज आला.

देवदत्तने जन्मात कधी देवळाची पायरी चढलेली कुणी पाहिली नव्हती. अनुश्रीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा काकाकडे. तिला हसू आलं, ते तिने खोकून घालवलं.

"वायर राहू दे, आई. भजनांना मी बारीक गल्ली देते आणि आशूदादाला मोठा रस्ता. भगवानजी को क्या, त्यांना गल्लीतलंही ऐकू जातं."

"माझा आशू नीट बोलला तरच वायर राहील," प्रेमलताबाईंनी बजावलं. पक्कड मात्र त्यांनी हातातच ठेवली.

संध्याकाळी सात वाजले. लक्ष्मीकांतांनी खोलीचं दार लावून घेतलं. शेजारीही एक दार लागल्याचा आवाज झाला. अनुश्रीने काळ्या पडद्यावर कमांड टाकली आणि भजनं बारीक गल्लीत गेली.

आशिषचा आवाज लख्ख आला. ताप उतरला होता. भूकही लागत होती. प्रेमलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं त्यांना हायसं वाटलं. त्यांनी पक्कड टेबलाच्या खणात टाकून दिली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून लक्ष्मीकांत बोलू लागले. आधी हळू, मग जरा चढून, मग बसक्या गळ्याला झेपेल तेवढं ओरडून.

"हॅलो! अरे देवू! रोज तर चांगला येतो आवाज, आज काय झालं भिया? मी म्हटलं, कालची तुझी गोष्ट अर्धीच राहिली! ऐकू येतंय का रे?"

"आई, मागे कोण ओरडतंय?" अमेरिकेतून आशिषने विचारलं.

प्रेमलताबाईंना उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. शेजारच्या घरातून, तेवढ्याच जोरात, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर आलं:

"येतंय ना दादा, एकदम साफ येतंय! पण हेडफोनमधून नाही, भिंतीतून!"