चार ओळींना दोन वर्षं

नातीच्या एका पत्राचं उत्तर भुजंगआबांनी दोन वर्षं दिलंच नव्हतं. सुकन्या नांदेडला विद्यापीठात शिकायला निघाली तेव्हा, "फोन नको, पत्र लिहीत जा," असं त्यांनीच बजावलं होतं. पहिल्याच महिन्यात तिचं पत्र आलं, 'आबा, इथं बोलायला कुणीच नाही. लवकर उत्तर द्या.' आबांनी कितीतरी मसुदे केले. एकही मनासारखा उतरेना, म्हणून सगळे फाडले.

आता ती दोन विषयांत नापास होऊन कुरुंद्याला घरी आली होती, आणि जेवतानाही मोबाइल तिच्या हातातून सुटत नव्हता.

"ताटात बघ की जरा," तिची आई करवादली. "काहून त्यात डोकं घालून राहिली? कोण लागतात ते मोबाइलातले लोक तुझे?"

"कोणीच न्हाई," मान वर न करता सुकन्या म्हणाली. "पण लिहिलं की लगेच उत्तर देतात."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुऊन ते उठले, एका बैठकीत चार ओळी लिहिल्या आणि पुन्हा न वाचताच स्टँडजवळच्या टपालपेटीत टाकून आले.



पाकिटावर पत्ता घरचाच होता: चि. सुकन्या, मधली खोली, कुरुंदा.