रुचाच्या आतड्याचा थर

मिरजेच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत इरफान मुजावरने नऊ वर्षांच्या रुचाच्या आतड्यावर नव्या गोळीचं पाणी सोडलं. रुचा वरच्या मजल्यावर झोपली होती. तिच्या रक्तातल्या पेशींना मूळपेशी बनवून त्यांच्यापासून वाढवलेला आतड्याचा पातळ थर इथे काचेच्या वाटीत होता. नवं औषध आधी या थराला आणि मगच पेशंटला द्यायचं, असा आता सगळीकडे नियम होता.

तासाभरात थर विरायला लागला.

"फिटवरची ही गोळी चालणार नाही, ताई," इरफान शेजारी बसलेल्या रुचाच्या आईला, सुलभाला म्हणाला. "आतडं सोलून निघेल."

"मी दिलीय तिला," सुलभा म्हणाली. "थर वाढायला तीन आठवडे लागतात म्हणालात. तिला रोज फिट येत होती. परवापासून बाहेरून आणून दिली."

इरफानने वॉर्डात फोन लावला. डॉक्टरांकडे उतारा होता, पण दुखावलेल्या आतड्याला तो सोसेल का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. इरफानने विरत चाललेल्या थरावर उताऱ्याचे चार थेंब टाकले. थर किती टक्के शाबूत आहे, तो आकडा पडद्यावर घसरत होता. एकोणीस, सतरा, सोळा. तिथे तो थांबला. बऱ्याच वेळाने सतरा झाला.

"द्या," इरफान फोनवर म्हणाला.

सुलभा वर पोचली तेव्हा रुचा औषध गिळून तोंड वाकडं करत होती.

"हेपण तूच आणलंस?" तिने विचारलं.

"नाही बाळा," सुलभा म्हणाली. "हे तपासून घेतलंय."