गाण्यातली जागा

कॅसेट सुरू झाली तेव्हा पुरिता, गावाची आलिंग म्हणजे मावशी, दाराआड ताठ उभी होती. अंगावर अजून काळे कपडे होते. तिच्या नेलितोला जाऊन आज वर्ष झाले. प्रार्थना आटोपली की दुखवटा संपवायचा, काळे उतरवायचे आणि पाहुण्यांना जेवू घालायचे, असा रिवाज. तिने जेवण वाढले. काळे उतरवले नाही. त्याआधी तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. आपला मुलगा खरोखर गात होता, की नुसता लवकर मेला?

शंकेला कारण होते. याच लोकांनी गावच्या उत्सवात त्याचे गाणे मध्येच तोडून कोंबड्यांच्या झुंजीचा निकाल पुकारला होता. लग्नात त्याला गायला बोलावत आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलासुरला भात बांधून देत. सव्विसाव्या वर्षी त्याची होडी उलटली, आणि गावाला एकाएकी कान आले. मनिलाहून रेडिओवाले येऊन गेले. चौकाला त्याचे नाव देण्याचे घाटू लागले. मेल्या म्हशीला मणभर दूध, पुरिता मनाशी म्हणे.

म्हणून आज तिने नेलितोचे आवडते नावाड्याचे गाणे लावले. आवाज मात्र आर्सेन्योचा. आर्सेन्यो म्हणजे नेलितोचा स्पर्धक. जिवंत, आणि म्हणूनच कोणाच्या खिजगणतीत नसलेला. ही कॅसेट त्यानेच कधीकाळी नेलितोला दिली होती.

अंगणातले पाहुणे फसले; त्यांना तो आवाज नेलितोचाच वाटला. असा गळा पुन्हा जन्माला यायचा नाही, असे गावच्या कप्तानाने, म्हणजे सरपंचाने, जाहीर केले. कडव्याच्या शेवटी सूर चढायचा तो अलगद खाली उतरला, तिथे सगळ्यांनी एकदमच डोळे टिपले. जणू कोणी खूण केली होती. पुरिताला कडवट हसू आले. तिला उत्तर मिळाले होते.

एवढ्यात आर्सेन्यो ताट घेऊन आत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आलिंग पुरिता, तो आवाज माझा होता."

"ठाऊक आहे मला. जिवंत आहेस, एवढाच तुझा दोष. गुपचूप जेव."

"पण ते जिथं रडले ना, ती जागा माझी नाही. नेलितोची आहे. मी उचलली त्याची, न विचारता."

तिने त्याला नखशिखान्त न्याहाळले. मेलेल्याच्या आईला बरे वाटावे म्हणून लोक वर्षभर वाटेल ते बोलत आले होते. हाही त्यातलाच.

"गोड बोलू नकोस माझ्याशी. गाऊन दाखव. आधी तुझं, मग त्याचं."

त्याने ताट खाली ठेवले आणि तो दारात जाऊन उभा राहिला. पहिल्यांदा ती ओळ तो सरळ गायला, शेवटी सूर चढवत. आवाज चोख लागला होता. अंगणात चमचे वाजतच राहिले. कोणी आणखी डुकराचे मटण मागितले. कप्तान खेकसला, की बाबा रे, आम्हाला जेवू तरी दे. हशा पिकला.

मग तो तीच ओळ पुन्हा गायला, आणि शेवटी सूर अलगद खाली उतरवला. नेलितोचे नाव कोणी घेतले नव्हते. समोर उभा होता तो आर्सेन्योच, हनुवटीला तेल लागलेला.

कप्तानाचा घास हातातच राहिला.