चष्म्याची साखळी

बुडालेल्या बोटीतून काढलेला चष्मा संग्रहालयात काचेआड मांडला होता. भिंग एकच उरलेलं, साखळी मात्र शाबूत. म्हातारीने ती ओळखली. तिच्याच तुटलेल्या हाराची होती. छापखान्यात प्रुफं तपासणारा तिचा नवरा रोज चष्मा घरी विसरायचा, धक्क्यावरून धापा टाकत माघारी यायचा आणि पहिली बोट हमखास चुकवायचा. “डोकं तेवढं बरोबर नेता, हेच नशीब!” ती करवादायची. शेवटी वैतागून तिने चष्म्याला साखळी लावून नवऱ्याच्या गळ्यातच अडकवली. त्या सकाळी त्याला पहिली बोट मिळाली. तीच बुडाली. “पक्की साखळी हो, समुद्रालाही बधली नाही!” पहारेकरी म्हणाला. म्हातारीने स्वतःचा चष्मा काढून डोळे पुसले. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, “आई, चष्मा आत विसरलीस! तुलाही साखळीच लावते.” “नको गं,” म्हातारी म्हणाली, “विसरलं की माणूस माघारी तरी येतो.”