सोबतीची सोंगटी

"टाक की फासे," कालिरोई म्हणाली. "अथेन्सला राहून हातही मंदावले का रे?"

स्त्रातिसने कॉफीचा कप बाजूला सारला. आईशी पैज त्यानेच लावली होती. तो जिंकला, तर संध्याकाळच्या बोटीने तिने त्याच्याबरोबर अथेन्सला यायचं, कायमचं. ती जिंकली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

वडील गेल्यापासून ती बेटावर एकटी होती. अथेन्सचं नाव काढलं की साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, मी या घरातून निघेन ती आडवीच. तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर काय भिंतींशी बोलू?

इथल्या या खेळात सोंगटी मारत नाहीत. एकटी सापडली की तिच्यावर आपली ठेवायची; ती तिथेच अडकते. सगळ्या सोंगट्या एकाच घरातून निघतात आणि तिथे शेवटी मागे राहते तिला 'आई' म्हणतात. आई अडकली की डाव गेला. म्हणून तिच्या सोबतीला एक सोंगटी ठेवायची. स्त्रातिस सात वर्षांचा असताना कालिरोईने त्याला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं.

आज तिने ती सोबतीची सोंगटी उचलली आणि पुढे नेली.

त्याने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्याने फासे टाकले. तिची 'आई' अडकवायला पाच हवे होते.

"काय पडलं?"

"पाच-दोन."

"मग खेळ ना."

धड दिसत नसलेल्या बाईला हरवायचं आणि मुळासकट उपटून न्यायचं? चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत दिवसभर बसलेली ती त्याला दिसली. त्याने पाच भलत्याच सोंगटीने खेळले. दोनसाठी स्वतःच्या 'आई'जवळची सोंगटी हलवली.

कालिरोई बराच वेळ पटाकडे बघत राहिली. मग तिने दान टाकलं आणि त्याची आई अडकवली.

"हरलास," ती म्हणाली. "बायकोला सांग, माझ्यासाठी ठेवलेली खोली पोरांना दे म्हणावं."

तो हसला. तिचा हात ओठांना लावून, ओझं उतरल्यासारखा तो बंदराकडे गेला.

बोट दिसेनाशी झाल्यावर कालिरोई शेजारच्या मिर्सिनीच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"काल तुला कायमच्या म्हणून दिलेल्या कोंबड्या," ती म्हणाली, "परत हव्यात गं."